सुओमुस्साल्मीचे श्रेय केवळ थंडीला देऊ नये
सोव्हिएत संघाने फिनलंडवर लादलेल्या १९३९-४०च्या हिवाळी युद्धात सुओमुस्साल्मी या फिनिश गावाजवळ मोठी लढाई झाली. या चर्चेत दोघातिघांनी तिथल्या फिनलंडच्या ९व्या डिव्हिजनच्या (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीच्या) यशाचे श्रेय थंडी आणि स्कीवरच्या सैनिकांना दिले आहे. ते अंशतः खरे असले, तरी थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. चर्चेत राहून गेलेला मुद्दा कुइवास्यार्वी आणि कुओमास्यार्वी या तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीचा आहे. डिसेंबर १९३९मध्ये कॅप्टन मॅकिनेन यांच्या जेमतेम दोन कंपन्यांनी (लहान फिनिश तुकड्यांनी) तिथे सोव्हिएत सरहद्दीकडून सुओमुस्साल्मीकडे येणारा राते रस्ता अडवून धरला, आणि गावाजवळच्या सोव्हिएत १६३व्या डिव्हिजनच्या मदतीला निघालेली ४४वी डिव्हिजन, रणगाडे आणि तोफा असूनही, पुढे सरकली नाही. समोर किती फौज आहे याचा तिला अंदाजच आला नाही, असे मला वाटते. तेवढ्या अवधीत फिनिश सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या कर्नल सीलास्वुओ यांनी त्या १६३व्या डिव्हिजनचा पराभव केला आणि मग सगळे बळ राते रस्त्याकडे वळवले.

तिथेही त्यांनी आधी सोव्हिएत सैन्याची फिरती स्वयंपाकघरे हेरून लक्ष्य केली. फिनिश सैनिक आळीपाळीने शेगडीच्या तंबूत ऊब घेत होते, तर जंगलातल्या एकाच रस्त्यावर लांबलचक अडकलेल्या, तुकड्या पडलेल्या सोव्हिएत सैन्याला गरम अन्नही मिळेनासे झाले. थंडी शस्त्र ठरली ती या आखणीमुळे.