व्यापारसंघ सोडला की दुकाने रिकामी होतात, की फक्त भाव चढतात?

किराणा दुकानदार, वरुड तालुका

मागच्या आठवड्यात आमच्या दुकानाच्या ओट्यावर वाद रंगला. विषय होता भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार कराराचा, पण ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर तिथली दुकाने खरोखर ओस पडली होती का, या प्रश्नावर येऊन तो अडला. संघ सोडला म्हणूनच टंचाई आली आणि महागाईही आली, असे एकाचे म्हणणे होते. दुसऱ्याच्या मते हा सगळा वर्तमानपत्रांचा कांगावा होता. मला दोघांचेही पटले नाही, कारण दोघेही टंचाई आणि महागाई एकाच तागडीत टाकत होते.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली. दुसऱ्याच दिवशी पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकावर घसरला. संघ तेव्हा सुटला नव्हता, सीमेवर एकही नवा कागद लागत नव्हता, तरीही बाहेरून येणारा माल महाग झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साबण-खाद्यवस्तू बनवणाऱ्या युनिलिव्हरने टेस्को या ब्रिटनच्या मोठ्या दुकानसाखळीकडे सुमारे दहा टक्के भाववाढ मागितली आणि वाद मिटेपर्यंत काही वस्तू टेस्कोच्या ऑनलाइन दुकानातून दिसेनाशा झाल्या. कंपनीचा माणूस नवी एमआरपी घेऊन येतो आणि जुन्या दराने माल टाकायला तयार होत नाही, हा प्रसंग आम्हा दुकानदारांना चांगलाच ओळखीचा आहे. गिऱ्हाईक त्याला टंचाई म्हणते, पण तो मुळात भावाचा तंटा असतो.

१ जानेवारी २०२१ पासून प्रत्यक्ष सीमा उभी राहिली. ब्रिटनने संघाशी केलेल्या करारामुळे आयात शुल्क लागले नाही, मात्र कागद लागले. मांस आणि दुधाच्या पदार्थांना पशुवैद्यकाचा दाखला हवा, माल मूळचा कोठला याचा पुरावा हवा. हा खर्च पोत्यामागे बसत नसून गाडीमागे आणि मालाच्या प्रकारामागे बसतो. एकाच जिनसाने भरलेल्या ट्रकला तो जाणवत नाही. पाच व्यापाऱ्यांचा वीस प्रकारचा माल घेऊन निघालेल्या गाडीला तो परवडत नाही. माझे मत असे की फळ्या रिकाम्या दिसतात त्या थोडे दिवस, पण हा खर्च भावात शिरला की तिथेच मुक्काम करतो.

निवृत्त शिक्षक, मोर्शी

दुकानदार भाऊंनी मांडणी नेटकी केली आहे, पण मला ती मान्य नाही. ज्या काळाबद्दल आपण बोलत आहोत, त्या काळात जगावर तीन संकटे एकामागून एक कोसळली: आधी साथ, मग वाहतुकीचा खोळंबा आणि शेवटी युक्रेनचे युद्ध. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सकडे जाणाऱ्या वाटेवरच्या ब्रिटनच्या केंट परगण्यात हजारो ट्रक अडकले, ते फ्रान्सने करोनाच्या नव्या प्रकाराच्या भीतीने सीमा बंद केली म्हणून. ब्रिटनच्या ग्राहक महागाईने ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांचा कळस गाठला हे खरे. परंतु त्याच महिन्यात युरो चलन वापरणाऱ्या देशांची महागाई १०.६ टक्के होती. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील खाद्यपदार्थांची भाववाढ १९ टक्क्यांवर होती, तर संघाच्या मधोमध बसलेल्या जर्मनीत ती २० टक्क्यांच्याही पुढे होती. जर्मनीने कोणता संघ सोडला होता?

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? जुलै २०२३ मध्ये आपल्याकडे टोमॅटो शंभराची नोट मोडूनही किलोभर मिळत नव्हता. आपणही तेव्हा कोणाची साथ सोडलेली नव्हती.

कृषी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, अकोला

गुरुजी, आपले आकडे बरोबर आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. युद्धाने आणि गॅसच्या भावाने दोघांनाही झोडपले असेल, तर दोघांची एकूण महागाई शेजारी ठेवून संघ सोडण्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. त्यासाठी एकाच देशातील दोन प्रकारच्या जिनसांची तुलना करावी लागते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनी तसे केले. युरोपातून जास्त येणाऱ्या आणि ज्यांच्यावर कागदपत्रांचा बोजा अधिक पडला अशा खाद्यपदार्थांचे भाव त्यांनी इतर खाद्यपदार्थांच्या भावांशी ताडून पाहिले. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२३ या काळात ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ सुमारे २५ टक्क्यांनी महागले. संघ सोडला नसता तर ही वाढ सुमारे १७ टक्के राहिली असती, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे सगळी महागाई संघ सोडल्याने आली हे जितके चूक, तितकेच तिचा काही संबंध नव्हता हेही चूक. जवळपास एक तृतीयांश वाटा हा काही किरकोळ नव्हे.

टंचाईबद्दल मात्र दुकानदार काकांनी एक मोठी गोष्ट सोडली. ब्रिटनचा माल युरोपात जाताना पहिल्या दिवसापासून तपासला जात होता, पण युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटनने स्वतःहून पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. मांस, दूध अशा मालासाठी आरोग्य दाखले ३१ जानेवारी २०२४ पासून मागितले गेले आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. दार आपल्या बाजूने तीन वर्षे सताड उघडे ठेवल्यावर घरात माल आला, तर त्यात नवल ते काय? संघ सोडूनही दुकाने भरलेली राहिली असे म्हणणाऱ्यांनी ही सूट लक्षात घ्यावी.

निवृत्त शिक्षक, मोर्शी

तपासणी लांबवल्याचा मुद्दा वजनदार आहे, तो मी नाकारत नाही. तरी फेब्रुवारी २०२३ चे उदाहरण सर्वांनी आठवावे. काही सुपरमार्केटांनी एका गिऱ्हाईकाला तीनच टोमॅटो किंवा काकड्या घेता येतील अशी मर्यादा घातली, आणि ते चित्र जगभर संघ सोडण्याचे फळ म्हणून दाखवले गेले. मूळ कारण स्पेन आणि मोरोक्को येथील थंडी आणि पाऊस हे होते, शिवाय गॅस महागल्यामुळे ब्रिटिश शेतकऱ्यांनी काचघरे रिकामी ठेवली होती.

कृषी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, अकोला

माल सर्वांनाच कमी पडला होता, गुरुजी. प्रश्न असा आहे की कमी पडलेला माल आधी कोणाकडे जातो. विकणारा तो जवळच्या आणि बिनकटकटीच्या गिऱ्हाईकाला देतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि पुढच्या महिन्यात टँकर चालवायला लष्कराची माणसे आणावी लागली, तेव्हाही चालकांची कमतरता युरोपभर होती. ब्रिटनला मात्र शेजारच्या देशांतून चालक सहज बोलावता आले नाहीत. तात्पुरते व्हिसा काढावे लागले.

कापूस उत्पादक, पांढरकवडा

सीमा म्हणजे काय हे आमच्या भागाला लंडनवरून शिकण्याची गरज नाही. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तेव्हा आमचा कापूस सरकारी केंद्राबाहेर विकण्यास बंदी होती. बाजूला आदिलाबाद, तेव्हा आंध्र प्रदेशातले. तिकडे भाव चढा असला की रात्री बंड्या आणि मेटॅडोर निघत, नाक्यावर हात ओले होत आणि माल पलीकडे जाई. पऱ्हाटी तीच, काळी माती तीच, पण मध्ये रेघ आखली की भाव दोन होतात आणि मधला फरक भलताच कोणी खातो. म्हणून कागदाचा खर्च भावात शिरतो हे मला पटते.

पण आपण सर्वजण गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलत आहात. शहरातला माणूस ज्याला महागाई म्हणतो, त्याला आम्ही भाव म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि नंतर ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर दार उघडले गेले. आमच्यासाठी रेघ पुसली जाणे हेच संकट होते. आणि भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आरसेप या आशियाई देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, तेव्हा आपल्या कोणत्या दुकानात माल कमी पडला?

किराणा दुकानदार, वरुड तालुका

भाऊ, आरसेपच्या पंगतीला आपण बसलोच नव्हतो. पाने मांडली जात असताना बाजूला झालो. ब्रिटन १९७३ पासून त्या पंगतीत जेवत होता. त्याची गोदामे, गाड्या, ठोक व्यापारी, सगळे बिनतपासणीच्या सीमेवर बेतलेले होते. न बसणे आणि अर्ध्या ताटावरून उठणे यांत फरक आहे, आणि टंचाईची शक्यता दुसऱ्यातच असते.

शेतकऱ्याच्या भावाचे म्हणाल, तर आमच्या संत्र्याचे पाहा. भारत आणि बांगलादेश दोघेही दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचे सभासद आहेत, तरीही बांगलादेशने संत्र्यावरचे शुल्क वाढवत नेले. तिकडच्या गिऱ्हाईकाला फळ महाग झाले आणि इकडे वरुड-मोर्शीच्या बागेत व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला. तुम्ही म्हणता ती रेघ दोन्हीकडे कापते.

निवृत्त शिक्षक, मोर्शी

संत्र्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. संघात असूनही भिंत उभी राहू शकते, मग सर्व दोष संघ सोडण्यावर कसा टाकता येईल? मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करणारा समझोता करण्याचे ठरवले. भावाबाबत तुमचा एक तृतीयांश वाटा मी मान्य करतो. टंचाईबाबत अजून नाही.

कापूस उत्पादक, पांढरकवडा

गुरुजी, ज्या कागदांनी काही बिघडले नव्हते, ते कमी करायला ब्रिटन पुन्हा त्याच दारी का गेला, तेवढे सांगा.