टपाल ‘तुंबतं’ की नुसतं ‘भरतं’?

सातारा रस्ता
आमच्या सोसायटीच्या कार्यालयाचा ईमेल भरून गेलाय. आठ दिवस झाले, पाठवलेलं पत्र परत येतंय. फळ्यावर मराठी सूचना लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी लिहिलं, ‘कार्यालयाचा इनबॉक्स तुंबला आहे. तातडीचे काही असल्यास चिठ्ठी पेटीत टाकावी.’ चिटणीस काकांनी ‘तुंबला’ पुसून ‘भरला’ केलं. म्हणाले, “तुंबते ती मोरी. पत्रं तुंबत नाहीत.”

मला हे पटलेलं नाही. माझे वडील टपाल खात्यात सॉर्टिंगला होते. दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस ते रात्री उशिरा यायचे, उजव्या हाताच्या बोटांना शिक्क्याची काळी शाई. भेटकार्डांच्या थैल्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या म्हणे. ताटावर बसता बसता आईला सांगायचे, “टपाल तुंबलंय, उद्याही असंच होणार.” ‘भरलंय’ म्हटल्याचं आठवत नाही. तुम्ही काय म्हणता?

ओसरी
तुमचे वडील बरोबर. साठणं, साचणं आणि तुंबणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकीत पाणी साठतं, कारण ते आपल्याला हवं असतं. अंगणात साचतं, ते आपण बोलावलेलं नसतं. तुंबतं तेव्हा त्याला पुढे जायचं असतं आणि वाट अडलेली असते. थैलीतल्या पत्राला पुढे जायचंच होतं. पण ईमेल पोचला तिथेच त्याचा प्रवास संपला, तो साचला म्हणा. या हिशेबाने काकाही थोडे बरोबर.

सातारा रस्ता
ओसरी, प्रवास कुठे संपला? काल चिटणीसांबरोबर बसून मी तो इनबॉक्स उपसला. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना आणि खाली ‘मग टँकर कोणी मागवायचा?’ अशी सतरा उत्तरं. गाडी कोणी कुठे लावली त्याचे फोटो, त्यांनीच निम्मी जागा खाल्लेली. मंडळाची वर्गणी, घरपोच हापूस, पुनर्विकास करून देतो म्हणणारे तीन बिल्डर. मधेच चौथ्या मजल्यावरच्या आजींचं पत्र होतं, नातवाकडून लिहून घेतलेलं: जिन्यातला दिवा गेलाय, संध्याकाळी उतरायची भीती वाटते. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. ते पत्र पोचलं म्हणायचं का? ते वायरमनपर्यंत जायला हवं होतं. मधे वाट अडली. मी याला तुंबणंच म्हणेन.

ओसरी
हे मान्य. शब्द मागे घेतो. दिवा लागला का?

गिरगाव चौपाटी
मुंबईत या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नाही. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रं ‘मुंबईची तुंबई’ असा मथळा देतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलो. तेव्हापासून ‘तुंबलं’ म्हटलं की माझ्या नाकात तो वास येतो. सूचनेत हा शब्द मलाही नको वाटला असता, व्याकरणासाठी नाही, त्या वासासाठी.

दिनांक-क्रमांक
मूळ चूक ‘इनबॉक्स’मध्ये आहे, तिच्याकडे कोणीच बघत नाहीये. मराठीत लिहायचं तर मराठीत लिहा. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द दिले, ते आज सगळे वापरतात. त्याच्या कितीतरी आधी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो फारसी शब्दांना पर्याय हवे होते म्हणूनच. ‘आवकपेटी’ म्हणायला काय हरकत आहे? सरकारी कचेऱ्यांत आवक-जावक नोंदवही आजही आहे.

अंबाझरी
आवक म्हटलं की आम्हाला संत्री आणि कापूस दिसतो. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ‘आवकपेटी’ कळेल का, हे आधी त्यांना विचारा. नातवाला त्या ‘ईमेल कर’ असंच म्हणाल्या असतील. आणि आमच्या नागपुरात मोरी नाही, नाली. ती तुंबते कमी, ‘चोक’ जास्त होते. प्लंबर तर ‘चोकप झालं’ याशिवाय बोलत नाही.

दिनांक-क्रमांक
प्लंबर बोलतो म्हणून ते मराठी होत नाही.

अंबाझरी
मग कोण बोललं म्हणजे होतं? दिवसभर मराठीत काम करणारा तो माणूस आहे. त्याच्या तोंडचे शब्द भाषेबाहेर काढले तर आपल्या हातात नुसत्या पाट्या राहतील.

ताकपिठं
मूळ शब्दाबद्दल. मला वाटतं ‘तुंबा’ म्हणजे भोपळा, त्यावरून फुगणं, आणि त्यावरून तुंबणं. ‘तुंबळ’ युद्धही त्यातलंच असणार, दोन्ही बाजूंनी गर्दी दाटलेली.

ओसरी
तुंबळ तिथे आणू नका. तो संस्कृत ‘तुमुल’वरून आलाय, कल्लोळ या अर्थाने. भोपळ्याचं मी नाकारत नाही, पण दिसायला सारखे शब्द एका कुळातले असतीलच असं नाही.

ताकपिठं
तुंबळ सोडला. भोपळा नाही सोडत. आजी पोटावर हात ठेवून “तुंबा झालाय नुसता” म्हणायची, तो आवाज माझ्या कानात आहे.

दवाखाना रोड
मी परिचारिका आहे. ‘लघवी तुंबली’ हे आम्ही रोज बोलतो, रुग्णही बोलतात, त्यात मोरीचा संबंध नाही. काकांना एवढंच सांगा. कामंसुद्धा तुंबतात.

जुना हौद
पाणी आणि वाट म्हणालात म्हणून सांगतो. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात जो बांधीव नळ आणला, त्याच्यावर जागोजागी उंच धुराड्यासारखी बांधकामं ठेवली होती. त्यांना उच्छ्वास म्हणतात. आत हवा कोंडली की पाणी नीट पुढे सरत नाही, म्हणून तिला बाहेर पडायची वाट. तो नळ बांधणाऱ्यांनी अडण्याचा विचार आधीच केला होता, आणि त्यासाठी किती सुंदर शब्द योजला. आता नवीन रस्ते करताना यातले कोणते पाडले, कोणते उरले, याची कोणी नीट मोजदाद केली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सातारा रस्ता
आमच्याकडे रस्त्याच्या कडेला तसं एक दगडी बांधकाम आहे! लहानपणापासून बघतेय, देवळाचा जुना खांब असेल असंच समजत होते. उंची दीड पुरुष, वर पिंपळ उगवलाय.

जुना हौद
ताई, पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं की बांधकाम फाकतं. उपटू नका, जाणकाराकडून कापून घ्या. आणि तो नेमका कुठे आहे?

दवाखाना रोड
आमच्या गल्लीतले म्हातारे त्याला ‘उसासा’ म्हणायचे. उच्छ्वास हे पुस्तकातलं नाव असावं.

जुना हौद
मी कायम उच्छ्वासच ऐकलंय.

ताकपिठं
आमच्याकडेही उसासाच. ‘उसाशापाशी उतर’ म्हणायचे टांगेवाल्याला.