बी विंग ग्रुप : तिसऱ्या मजल्यावरचा वास

प्रभा (३०१): तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की मासळीबाजार! दोन दिवस सहन केलं. कोणाकडे काय शिजतंय ते विचारत नाही, पण पॅसेज सगळ्यांचा आहे.

मिलिंद (३०४): काही शिजत नाहीये वहिनी. आम्ही मासे खातो म्हणून दरवेळी बोट आमच्याकडेच का?

प्रभा (३०१): मी नाव घेतलं का?

गोडबोले काका (१०१): पॅसेजमध्ये शू-रॅक ठेवू नये असा ठराव झालेला आहे. कृपया वाचावा.

नंदू (३०२): सॉरी सॉरी. बहुतेक आमचंच. आरुषने नागावहून बरणीत शंख आणलेत, रॅकवर ठेवले होते. रिकामेच वाटले. आत खेकडे निघाले 🙏

विकी (५०३): भाडेकरू ठेवायला सोसायटीची एनओसी घेतली का? 😂

चितळे बाई (४०२): नंदू, बरणीत नळाचं पाणी घातलंस का?

नंदू (३०२): हो बाई, रोज बदलतो.

चितळे बाई (४०२): अरे देवा. समुद्रातला जीव तो, गोड्या पाण्यात कसा जगेल. म्हणूनच वास.

प्रभा (३०१): वासाचं काय करायचं तेवढं सांगा. बाकी शाळा नको.

चितळे बाई (४०२): वासाचंच सांगते. हे हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे. यांचं पोट मऊ असतं, शंख दुसऱ्याचा वापरतात. एखाद्या शिकारी प्राण्याने गोगलगाय खाल्ली की तिच्या मांसाचा वास पाण्यात पसरतो. हे छोट्या मिशा फडफडवत तो टिपतात आणि जमतात. मांसासाठी नव्हे, शंख रिकामा होणार म्हणून.

विकी (५०३): म्हणजे पेपरात निधनवार्ता वाचून फ्लॅट विचारायला जाणारे ब्रोकर 😂😂

मिलिंद (३०४): विकी, तुझा ब्रोकर तसाच आला होता आमच्या आजींच्या वेळी. अजून विसरलो नाही.

विकी (५०३): तो माझा नव्हता. किती वेळा सांगू?

गोडबोले काका (१०१): पॅसेजमध्ये शू-रॅक ठेवू नये असा ठराव झालेला आहे.

चितळे बाई (४०२): जमिनीवरचे खेकडे तर याहून पुढे. कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर मार्क लैड्रे नावाचे संशोधक आणि त्यांच्या विद्यार्थिनीने खेकड्याच्याच मांसाचे तुकडे नळ्यांत घालून ठेवले, तर पाचेक मिनिटांत झुंबड. तिथले खेकडे शंख आतून कोरून मोठा करतात, त्यामुळे त्यांना असा आधी कोणीतरी वापरलेला शंखच हवा असतो. आपल्यातला कोणी मेला म्हणजे जागा झाली!

श्रुती (२०४): रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला पण अशीच झुंबड असते बाई, फक्त कोरम होत नाही.

सेक्रेटरी (६०१): तो विषय इथे नको, प्लीज. मेंटेनन्स बाकी असलेल्यांनी तर मुळीच नको.

श्रुती (२०४): नाव घ्या ना सरळ.

चितळे बाई (४०२): आणि नंदू, बरणी उघडी कुठे टाकू नकोस. हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर कचऱ्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत हेच होतं. एक आत शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येता येत नाही, मरतो. त्याच्या वासाने पुढचा येतो. तिथे आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर मिळून वर्षाला ५,७०,०००च्या आसपास खेकडे असे मरतात, असा २०१९चा अंदाज आहे.

प्रभा (३०१): बापरे. हे माहीत नव्हतं. पण बरणी आत्ता हलवा.

गोडबोले काका (१०१): पॅसेजमध्ये शू-रॅक

गोडबोले काका (१०१): चुकून सेंड झालं. ठेवू नये असा ठराव झालेला आहे.

नंदू (३०२): बरणी बाल्कनीत नेली. चार गेलेत. आरुष म्हणतो एक अजून मिशा हलवतोय. रडतोय पोरगा. पाण्यात मीठ घालू का?

चितळे बाई (४०२): जेवणातलं मीठ नको! पाणी काढ, ओलसर फडक्यात ठेव. नागावला नेईपर्यंत टिकायचा नाही, जुहूला खडकांपाशी सोडू. ओहोटी पहाटे आहे. मी येते.

नंदू (३०२): गाडी गॅरेजला आहे बाई. रिक्षा बघतो.

गोडबोले काका (१०१): साडेपाचला खाली या. माझी गाडी काढतो. येताना शू-रॅक आत घेऊन या.