फवारणीनंतरची लघवी-तपासणी: 'निरंक' म्हणजे नेमके काय?

नारायणगावच्या द्राक्षबागेत फवारणी केलेल्या मजुराची लघवी आठवड्याने तपासली असता अहवाल निरंक आला, म्हणून विषबाधेची शंका फिटली, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाचे शरीरात विघटन होऊन ट्रायक्लोरोपिरिडिनॉल तयार होते आणि त्याचा अर्धायुकाल (प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे 27 तास असल्यामुळे सातव्या दिवशी मूळ प्रमाणाच्या जेमतेम दीड टक्का अंश उरतो. नमुना पहिल्या एक-दोन दिवसांतच घ्यायला हवा होता.

प्रयोगशाळेत मूळ कीटकनाशक नव्हे, तर त्याची चयापचयजन्य द्रव्ये शोधली जातात. त्यांपैकी बरीच ग्लुकुरोनाइडशी (बाहेर टाकण्यासाठी शरीर जोडते त्या शर्करा-आम्लाच्या गटाशी) जोडलेली असल्याने आधी विकराने ती मोकळी करतात, मग घन-प्रावस्था निष्कर्षणाने नमुना स्वच्छ करून द्रव क्रोमॅटोग्राफी आणि दुहेरी वस्तुमान वर्णपटमापनाने मोजतात; समस्थानिकयुक्त अंतर्गत मानक (त्याच द्रव्याचे, ज्ञात प्रमाणातले, वेगळे ओळखता येणारे रूप) सुरुवातीलाच मिसळलेले नसेल, तर वाटेत झालेली घट भरून काढता येत नाही. लघवी पातळ की दाट यानुसार आकडा बदलतो, म्हणून क्रिएटिनिनही मोजतात (उन्हात दिवसभर राबलेल्या माणसाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे).

डायअल्किल फॉस्फेटांचा, म्हणजे अनेक ऑर्गॅनोफॉस्फेटांच्या विघटनातून तयार होणाऱ्या सामाईक द्रव्यांचा, आकडा मात्र जपून वाचावा. ती अन्नातही आयती असतात, शिवाय कोणते ऑर्गॅनोफॉस्फेट होते हे त्यांवरून कळत नाही. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात फळांतील अवशेष तपासले जातात, पण तो अहवाल माणसाच्या तपासणीला पर्याय नव्हे. मजुराला लक्षणे असतील, तर रक्तातील कोलिनएस्टरेज (ऑर्गॅनोफॉस्फेटांमुळे निकामी होणारे विकर) आधी पाहावे.