प्रतिसाद: जीआरई पुन्हा द्यावी, पण तारीख घाईत घेऊ नये

ताई, लेकीला जीआरईत, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेत, ३०२ गुण आले आणि क्लासवाले लगेच पुढची तारीख घ्या म्हणताहेत, हे वाचून राहवलं नाही. दोन परीक्षांत २१ दिवसांचं अंतर सक्तीचं आहे, म्हणून बाविसाव्या दिवशी बसलंच पाहिजे असं थोडंच आहे? फी काही थोडी नाही.

आधी चुका कुठे झाल्या ते बघा. क्वांटच्या, म्हणजे गणिताच्या, पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न असतात आणि तिथल्या कामगिरीवर दुसरा भाग सोपा की अवघड हे ठरतं. म्हणजे सुरुवातीचे निष्काळजी घोळ फार महागात पडतात. ऐरोलीच्या माझ्या भाचीने चुकांची वेगळी वही केली होती. उत्तरं उतरवायची नाहीत, फक्त चूक का झाली ते एका ओळीत: ‘एक्स ऋण असू शकतो हे विसरले’, ‘सरासरी विचारली, बेरीज लिहिली’. पंधरवड्यात कळलं की गणित येत होतं, प्रश्न पुरता वाचला जात नव्हता. वाशी लोकलमध्ये शब्दांची कार्डं घोकण्यापेक्षा तिला त्या वहीचाच जास्त उपयोग झाला, असं माझं ठाम मत आहे.

पॉवरप्रेप या जीआरईच्या अधिकृत ऑनलाइन सरावाच्या दोन चाचण्या फुकट मिळतात. त्यातली एक शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका म्हणावं.

आणि जुन्या स्कोअरचं दडपण तिला घेऊ देऊ नका. कुठल्या दिवसाचा स्कोअर विद्यापीठाला पाठवायचा हे तिच्याच हातात आहे. मात्र बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरात संपते, तेवढं बघून तारीख ठरवा.