रक्ताची पिशवी आणायला यंत्रगाडी: हवी की नको?

रात्रपाळी
मी एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. मागच्या महिन्यात रात्री अडीचला रक्तपेढीतून फोन आला, पिशवी तयार आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता त्या बाईसाठी. दोन मजल्यांना मिळून एक वॉर्डबॉय, तो मृतदेह घेऊन खाली गेलेला. बाईचा नवरा एकटाच, मांडीवर बाळ. शेवटी इंटर्नवर वॉर्ड सोपवून मीच जिन्याने धावले. पेढीबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात लावायची असते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत यूसीएसएफ या विद्यापीठाचं मिशन बे इथलं रुग्णालय २०१५ साली उघडलं ते २५ 'टग' यंत्रगाड्या, म्हणजे सामान घेऊन आपोआप फिरणारे रोबो, घेऊनच. जेवण, चादरी, औषधं, कचरा त्या नेतात. औषधांचा खण बोटाचा ठसा आणि पिन दिल्याशिवाय उघडत नाही. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनीही त्या घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

मामांची लेक
माझा विरोध आहे. सिस्टर, तुमच्याच हकिकतीत कमी काय होतं? दुसरा वॉर्डबॉय. ती पदं आधी भरा.

माझ्या बाबांनी ३१ वर्षं वॉर्डबॉयचं काम केलं. एकदा चादरींची ट्रॉली नेताना त्यांना व्हरांड्यात जमिनीवर गादी टाकलेले एक आजोबा दिसले. सलाइन संपलेलं, नळीत रक्त चढलेलं. बाबांनी ट्रॉली तिथेच सोडून सिस्टरना हाक मारली. यंत्रगाडी त्या गादीला वळसा घालून पुढे गेली असती. शिवाय तिला हात नाहीत. सामान भरायला आणि उतरवायला माणूस लागतोच.

भांडारपाल
मी कॅलिफोर्नियात एका रुग्णालयाच्या भांडारात आहे, या गाड्यांसोबत रोज काम करतो. गाडीच्या पोटात इमारतीचा नकाशा असतो, लेसरने ती वाट पाहते, लिफ्टला वायरलेसवरून निरोप देते. लिफ्ट भरलेली असेल तर मुकाट्याने थांबते. दारात कुणी स्ट्रेचर आडवं ठेवलं तरी थांबते. आमचे कॉरिडॉर रिकामे असतात म्हणून हे चालतं. आपल्याकडच्या ओपीडीबाहेर सकाळी दहाला ती जागची हलणार नाही.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात अशी २६ यंत्रं आहेत, पण त्यांच्यासाठी तळघरातले बोगदे आणि लिफ्ट वेगळ्या आहेत. तिथे इमारत बांधतानाच तो विचार झाला होता. जुन्या इमारतीत वरून आणून सोडायची ही वस्तू नव्हे. नव्या रुग्णालयाचे नकाशे निघत असतील तिथे मात्र आजच मागणी करा.

रात्रपाळी
@मामांची लेक, बाबांबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांची पाठ कशी आहे, ते सांगा.

मामांची लेक
मणक्याचं ऑपरेशन झालंय. ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर तिरके करून गोल गोल फिरवत न्यायचे, त्यातच गेली पाठ. पण तो त्रास ऑक्सिजनची पाइपलाइन आल्यावर संपला. बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या यंत्राने न्याव्यात, माझी ना नाही. सुया टोचतात त्या कंत्राटी पोरांनाच. मात्र गाडी आली म्हणून एकही पद रद्द होणार नाही, हे आधी लेखी द्या. तोपर्यंत माझं मत बदलणार नाही.

नेटवर्कवाला
कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. २०२२ साली याच टग गाड्यांच्या सर्व्हरमध्ये पाच त्रुटी सापडल्या होत्या. बाहेरचा माणूस पासवर्डशिवाय गाडीचा ताबा घेऊ शकला असता. कंपनीने दुरुस्ती दिली, पण ती रुग्णालयात बसवायला माणूस लागतो. आपल्याकडे किती रुग्णालयांत रात्री आयटीचं कुणी असतं?

रात्रपाळी
लेखी हमीची अट मला मान्य आहे, आमच्या युनियनच्या बैठकीत मी ती मांडेन. दुसरा वॉर्डबॉयही मागेन. कॉरिडॉरचंही पटलं. आमच्या जुन्या आणि नव्या इमारतीच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी दोन बोटं वर आलीय. ट्रॉलीचं पुढचं चाक तिथे अडकतं, आज सकाळीच सलाइनचा खोका तिथे सांडला. गाडी यायची तेव्हा येईल, ती पट्टी बसवायचा अर्ज मी उद्याच देते.