रूटला २० जीबी पुरतात, पण बूटकडे बघा

लिनक्स बसवताना डिस्कचे भाग (पार्टिशन) कसे पाडायचे, यावर एकाने सुचवलंय की रूटला (मुख्य सिस्टिमचा भाग) २० जीबी आणि बूटला (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) २०० एमबी पुरे. रूटचं एक वेळ चालेल, पण बूटचा आकडा खरंच बदला. एकेका कर्नलची (लिनक्सचा गाभा) इनिट्रॅमएफएस फाइल, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा, सहज ५०-१०० एमबीची होते, ग्राफिक्स ड्रायव्हर आत गेला की त्याहून मोठी. अपडेट होताना जुने दोन कर्नल तिथेच असतात आणि तिसरा लिहिला जातो. जागा मध्येच संपली की फाइल अर्धवट राहते आणि रीबूटनंतर मशीन कदाचित उठतच नाही. म्हणून बूट १ जीबी, ईएफआय (मशीनचं फर्मवेअर जिथून बूटलोडर उचलतं तो छोटा भाग) ५१२ एमबी.

रूट भरतं ते बहुधा व्हार (/var) या फोल्डरमुळे: लॉग, पॅकेजची कॅश, डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) इमेजेस. डॉकर वापरणार असाल तर रूट ५० जीबीखाली नेऊ नका. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) हवं असेल तर स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) रॅमएवढा, नाहीतर ४ जीबी खूप झाले.

आणि कृपा करून सगळी डिस्क पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. एलव्हीएम (भागांचा आकार नंतर बदलू देणारी व्यवस्था) घ्या, थोडी जागा मोकळी सोडा. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) चालू सिस्टिमवर वाढवता येतं, लहान करायला मात्र अनमाउंट करावं (सिस्टिमपासून सोडवावं) लागतं.